निरोपाचे ठराव : मुंबई इलाख्यातील नगरसंस्था आणि मानपत्रातील ‘आम्ही’

नगरपालिकांच्या जुन्या इतिवृत्तांची पुस्तके चाळताना अभ्यासक काही ठराव टिपून घेतो व काही ओलांडून पुढे जातो. पाणीपुरवठा, गटारे, घरपट्टी, जकात, प्राथमिक शाळा यांसंबंधीच्या ठरावांवर त्याचे लक्ष खिळते. सभेच्या आरंभी वा अखेरीस नोंदविलेले निरोपाचे, आभाराचे, अभिनंदनाचे व दुखवट्याचे ठराव मात्र त्याला केवळ शिष्टाचाराचे वाटतात. अमुक गव्हर्नरसाहेब स्वदेशी परत जाणार, तमुक सर्जनसाहेबांची बदली झाली, सभा त्यांच्या कामगिरीबद्दल कृतज्ञता व्यक्त करते, ठराव एकमताने मंजूर : या साचेबंद वाक्यांतून इतिहासाच्या हाती काय लागणार, अशी ही समजूत आहे. ती सर्वस्वी खरी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील नगरसंस्थांना धोरणात्मक प्रश्नांवर बोलण्याचा अधिकार फार थोडा होता. परंतु जाणाऱ्याला निरोप देण्याचा आणि येणाऱ्याचे स्वागत करण्याचा अधिकार त्यांना कोणी नाकारलेला नव्हता. उलट, त्यांनी तो बजावावा अशीच अपेक्षा होती. त्यामुळे राजकीय मताला वाट मिळाली ती पुष्कळदा याच दाराने.

मानपत्राची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. त्याचा आरंभ बहुधा ‘आम्ही अमुक शहराच्या नगरपालिकेचे अध्यक्ष व सभासद, येथील नागरिकांच्या वतीने’ अशा धर्तीच्या शब्दांनी होई. पुढे पाहुण्याच्या कारकीर्दीतील कामांची यादी, मग एखादी नम्र अपेक्षा, आणि शेवटी दीर्घायुष्य व सुखरूप प्रवास यांची शुभेच्छा. सुवाच्य अक्षरात लिहिलेले वा छापलेले हे पत्र चांदीच्या किंवा चंदनाच्या करंडकात घालून अर्पण केले जाई. त्यानंतर हारतुरे, अत्तरगुलाब, पानसुपारी. उच्चपदस्थ पाहुण्याकडे मानपत्राचा मजकूर आगाऊ पाठविण्याची रीत असे, कारण त्याचे उत्तरही तयार करून आणलेले असे. म्हणजे या समारंभात उत्स्फूर्त असे काहीच नसे. पण याच कारणाने मानपत्रातील प्रत्येक शब्द तोलूनमापून घातलेला असे. काय लिहिले याइतकेच काय गाळले हेही वाचणाऱ्यांना तत्काळ कळे. स्तुतीच्या पंधरा ओळींत दडवलेली एक अपेक्षा हे पुष्कळदा मानपत्राचे खरे प्रयोजन असे.

या सर्व मजकुरात निर्णायक शब्द म्हणजे आरंभीचा ‘आम्ही’. हा ‘आम्ही’ कोण, आणि त्याला इतरांच्या वतीने कृतज्ञ होण्याचा अधिकार कोणी दिला, या प्रश्नाचा मागोवा घेतला असता निरोपाच्या ठरावांना इतिहासाचे साधन म्हणून निराळेच मोल येते.

नगरसंस्था प्रातिनिधिक होण्यापूर्वीचा एक प्रसंग या दृष्टीने उल्लेखनीय आहे. १८१९ पासून मुंबईचा गव्हर्नर असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये निवृत्त होऊन निघाला, तेव्हा मुंबईतील एतद्देशीय प्रतिष्ठितांनी त्याच्या स्मरणार्थ निधी उभारला. सव्वादोन लाख रुपयांहून अधिक रक्कम जमली आणि ती इंग्रजी भाषा व युरोपीय विद्या शिकविणाऱ्या अध्यापकांच्या नेमणुकीसाठी राखून ठेवण्यात आली. यातूनच पुढे एल्फिन्स्टन संस्था व महाविद्यालय उभे राहिले. शिवाय इंग्लंडमधील शिल्पकार चँट्री याने घडविलेला एल्फिन्स्टनचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये बसविण्यात आला. या पुतळ्याची आठवण पुढे पुन्हा निघेल. येथे एवढेच नोंदवावयाचे की १८२७ चा ‘आम्ही’ हा स्वतःच्या खिशातून वर्गणी देणाऱ्यांचा होता. त्यांनी इतरांच्या नावाने पैसा खर्च केला नाही. म्हणून ते कोणाचे प्रतिनिधी, हा प्रश्नही उपस्थित झाला नाही.

नगरपालिका स्थापन झाल्यावर मात्र स्थिती पालटली. आता स्वागताचा आणि निरोपाचा खर्च करदात्यांच्या पैशातून होऊ लागला. पुणे नगरपालिकेत १८७६ मध्ये जोतीराव फुले सरकारनियुक्त सभासद म्हणून आले. त्या काळी सर्वच सभासद नियुक्त असत. व्हाइसरॉयच्या पुणेभेटीनिमित्त एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला तेव्हा बत्तीस सभासदांपैकी एकट्या फुल्यांनी त्याच्या विरुद्ध मत दिले, आणि हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे सुचविले, असे त्यांच्या चरित्रग्रंथांत नमूद आहे. चरित्रांतून ही घटना नोव्हेंबर १८८० मधील म्हणून सांगितली जाते व व्हाइसरॉयचे नाव लॉर्ड लिटन असे दिले जाते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. लिटन जून १८८० मध्येच पदमुक्त होऊन त्याच्या जागी लॉर्ड रिपन आला होता. साल बरोबर धरले तर पाहुणा रिपन ठरतो; नाव बरोबर धरले तर प्रसंग काही महिने तरी मागे न्यावा लागतो. एका ग्रंथातील तपशील पुढच्या ग्रंथात पडताळणीवाचून कसा उतरतो, याचे हे बोलके उदाहरण होय. परंतु या गल्लतीने विरोधी मताचे महत्त्व उणे होत नाही. किंबहुना पाहुणा रिपन असल्यास ते अधिकच वाढते. कारण मग असे म्हणावे लागेल की फुल्यांचा आक्षेप पाहुण्याच्या धोरणावर नव्हताच, तो खर्च करणाऱ्यांच्या अधिकारावर होता.

हा आक्षेप समारंभमात्राविषयीच्या तिटकाऱ्यातून आला, असेही म्हणता येत नाही. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे शालजोडी देऊन फुल्यांचा जो सत्कार झाला, तो त्यांनी स्वीकारला होता. पुढे २ मार्च १८८८ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात भरलेल्या समारंभास ते शेतकऱ्याच्या वेषात उपस्थित राहिले आणि जमलेल्या शालदुशालेधारकांवरून रयतेची स्थिती ताडू नये, असे त्यांनी राजपुत्रास सुनावले. नगरपालिकेतील मत आणि हा वेष यांचा रोख एकच आहे : समोर बसलेला ‘आम्ही’ हा बाहेरच्या लोकांचा नव्हे. बत्तीसांत एक हे प्रमाण म्हणूनच क्षुल्लक मानता कामा नये. सरकारने नेमलेल्या सभेत एकमत होणे यात विशेष काही नसते. तेथे एक मत विरुद्ध पडले याचीच नोंद इतिहासाला घ्यावी लागते.

निरोपाच्या ठरावांना खरे वजन आले ते डिसेंबर १८८४ मध्ये, रिपनच्या प्रस्थानप्रसंगी. १८ मे १८८२ रोजी त्याच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयी जो ठराव प्रसिद्ध केला, त्यात स्थानिक मंडळांत बिनसरकारी सभासदांचे बहुमत असावे, शक्य तेथे ते निवडून यावेत आणि अध्यक्षपदही होता होईल तो बिनसरकारी व्यक्तीकडे असावे, अशी तत्त्वे होती. कारभार सुधारावा यापेक्षा लोकांना राजकीय शिक्षण मिळावे, हा त्यामागील प्रमुख हेतू असल्याचे ठरावातच स्पष्ट केले होते. मुंबई सरकारने ही तत्त्वे हात राखूनच अमलात आणली. तरी १८८४ च्या पहिल्या व दुसऱ्या कायद्यांनी लोकल बोर्डे अस्तित्वात आली आणि जिल्ह्यांतील नगरपालिकांत निवडणुकीचे तत्त्व शिरले. मध्यंतरी १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयकावरून युरोपीय समाजाने रिपनविरुद्ध गहजब केला होता. त्यामुळे तो निघाला तेव्हा दोन प्रकारचे निरोप एकाच वेळी दिले गेले. युरोपीयांनी आपली नाराजी लपविली नाही; आणि भारतीय नगरपालिका, सभा व संस्था यांनी कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत वाटेवर मानपत्रांची रीघ लावली. या दृश्याने राज्यकर्त्यांपैकी अनेक जण अस्वस्थ झाले. सर ऑक्लंड कॉल्व्हिन यांच्या नावाशी निगडित असलेल्या एका इंग्रजी पुस्तिकेत तर प्रश्नच टाकला होता की हा प्रकार खरा असेल तर त्याचा अर्थ काय समजावा. आभारप्रदर्शनावर सरकारी वर्तुळात असा प्रश्न उभा राहावा, यातच त्या आभारांचे स्वरूप कळून येते.

मुंबईत या निरोपाला आणखी एक पदर होता. त्या साली मुंबई महापालिकेच्या अध्यक्षपदी फिरोजशहा मेहता होते, आणि बोरीबंदरासमोरील महापालिकेच्या नव्या इमारतीची कोनशिला रिपननेच, मायदेशी जाण्यापूर्वी, डिसेंबर १८८४ मध्ये बसविली. स्टीव्हन्स या वास्तुशास्त्रज्ञाची ही इमारत १८९३ मध्ये पुरी झाली. मावळत्या व्हाइसरॉयने स्थानिक स्वराज्याच्या मंदिराचा पाया घालावा, हा योग जुळवून आणणाऱ्यांची दृष्टी मार्मिक होती असेच म्हटले पाहिजे. तथापि या उत्साहातही ‘आम्ही’चा आकार विसरता येत नाही. १८७२ च्या कायद्यान्वये मुंबई महापालिकेचे चौसष्ट सभासद होते. त्यांतील निम्मे करदात्यांनी निवडलेले, उरलेल्यांपैकी सोळा जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी निवडलेले आणि सोळा सरकारने नेमलेले. मताचा अधिकार वर्षाकाठी किमान पन्नास रुपये कर भरणाऱ्यास. शहराची लोकसंख्या त्या वर्षीच्या खानेसुमारीत सहा लाखांवर होती. १८८८ च्या कायद्याने सभासदसंख्या बहात्तर झाली, विद्यापीठाच्या फेलोंना व व्यापारी मंडळाला प्रतिनिधित्व मिळाले; परंतु चाळीत राहणाऱ्या भाडेकरूच्या वतीने कृतज्ञता व्यक्त करणाऱ्यांत त्याचा स्वतःचा प्रतिनिधी नव्हता.

व्हाइसरॉय व गव्हर्नर यांची गोष्ट सोडून कनिष्ठ पायरीवर आले की निराळाच प्रकार आढळतो. कलेक्टर, मामलेदार, शाळाखात्याचे अधिकारी यांच्या बदल्यांच्या वेळी गावोगाव मानपत्रे दिली जात, आणि ती सर्वच प्रेमाने दिलेली नसत. ज्याच्या हाती कालपर्यंत सत्ता होती, त्याच्या निरोपाची वर्गणी नाकारणे सोपे नसते. आणि निरोप घेणाऱ्याच्या जागी येणारा नवा अधिकारीही पाहत असतो. सरकारलाच या प्रथेस आवर घालावा लागला. सरकारी नोकराने पूर्वपरवानगीवाचून मानपत्र वा निरोपपत्र स्वीकारू नये, असा निर्बंध वर्तणूक नियमांत आला, आणि १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतील चौदाव्या नियमात तो कायम राहिला. निवृत्ती किंवा बदलीच्या वेळचा खाजगी व अनौपचारिक स्वरूपाचा समारंभ तेवढा अपवाद. एवढ्यावर न थांबता, अशा समारंभाच्या वर्गणीसाठी कोणावरही दडपण आणू नये आणि वरिष्ठांच्या निरोपासाठी कनिष्ठ श्रेणीच्या नोकरांकडून पैसे गोळा करू नयेत, असेही त्यात बजावले आहे. नियम करणाऱ्यांना वस्तुस्थिती पुरेपूर ठाऊक होती, हे सांगावयास नकोच.

शतकाच्या अखेरीस प्लेगने नगरसंस्थांच्या अधिकाराचा आणि त्यांच्या कृतज्ञतेचाही कस लावला. १८९६ मध्ये मुंबईत साथ उद्भवली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि त्या जोरावर मुंबईत गॅटेकर यांची व पुण्यात रँड यांची समिती नेमली गेली. निवडून आलेल्या मंडळांना बाजूस सारून घरे तपासण्याचे काम झाले, पुण्यात तर लष्कराकरवी. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, त्यानंतर टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून शिक्षा झाली, आणि गोखल्यांना विलायतेत केलेल्या आरोपांबद्दल जाहीर माफी मागावी लागली. या सर्व काळात गव्हर्नर होते लॉर्ड सँडहर्स्ट. त्यांची मुदत संपत आली असता, डिसेंबर १८९९ मध्ये लखनौच्या काँग्रेसमध्ये टिळकांनी त्यांच्या कारभाराच्या निषेधाचा ठराव आणण्याचा प्रयत्न केला. हा प्रश्न प्रांतिक आहे, राष्ट्रीय सभेचा नव्हे, अशी हरकत निघाली. अध्यक्ष रमेशचंद्र दत्त यांनी पद सोडण्याची तयारी दर्शविली, आणि ठराव मागे पडला. हरकतीत तांत्रिक तथ्य होते हे मान्य केले पाहिजे. पण राष्ट्रीय सभेच्या धुरीणांना सर्वांत अवघड वाटले ते निषेधाचे कारण नसून त्याची वेळ असावी, असे समजण्यास जागा आहे. जाणाऱ्याला वाईट म्हणू नये हा शिष्टाचार त्यांच्या अंगी मुरलेला होता. टिळकांचे म्हणणे असे की कारकीर्दीचा हिशेब कारकीर्द संपतानाच मांडावयाचा असतो. निरोप हा हिशेबाचा प्रसंग आहे, ही कल्पना येथे प्रथमच इतक्या उघडपणे पुढे आली. वास्तविक रिपनच्या वेळी हिशेबच झाला होता, फक्त बाकी जमेच्या बाजूस निघाली होती.

या कल्पनेची परिणती ११ डिसेंबर १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये झाली. लॉर्ड विलिंग्डन १९१३ पासून गव्हर्नर होते. १० जून १९१८ रोजी त्यांनी मुंबईत भरविलेल्या प्रांतिक युद्धपरिषदेत होमरूलवाद्यांच्या राजनिष्ठेविषयी शंका व्यक्त केली. टिळकांना बोलताना अडविण्यात आले, तेव्हा ते व केळकर सभात्याग करून बाहेर पडले. याच्या निषेधार्थ १६ जून रोजी गांधींच्या अध्यक्षतेखाली जाहीर सभा झाली. असे असता वर्षअखेर विलिंग्डन निघाले तेव्हा काही प्रतिष्ठितांनी मुंबईच्या नागरिकांतर्फे त्यांच्या कार्याचा गौरव करावा आणि त्यांचे स्मारक उभारावे, असे ठरविले. येथे एक कायदेशीर बारकावा आहे. महापालिकेचे मानपत्र महापालिकेच्याच नावाने बोलते. सबंध शहराच्या नावाने बोलावयाचे तर मागणीपत्रावर सह्या घेऊन शेरीफकडून जाहीर सभा बोलवावी लागे. आयोजकांनी तीच वाट धरली, आणि त्यामुळेच विरोधकांचे फावले. महापालिकेच्या सभागृहात त्यांना प्रवेश नव्हता. नागरिकांच्या सभेत कोणत्याही नागरिकास येता येत होते.

बॅरिस्टर जिना यांच्या नेतृत्वाखाली होमरूल लीगचे लोक त्या दिवशी सकाळपासूनच टाउन हॉलच्या पायऱ्यांवर जमले. दारे उघडताच त्यांनी आत जाऊन जागा धरल्या आणि सायंकाळपर्यंत त्या सोडल्या नाहीत. जिनांच्या पत्नी रत्तनबाई, हॉर्निमन, जमनादास द्वारकादास हेही तेथे होते. सर जमशेटजी जीजीभाई यांना अध्यक्ष करण्याची सूचना येताच इतका गदारोळ झाला की कोणाचेही भाषण ऐकू येईना. ठराव मंजूर झाला असे आयोजक म्हणत राहिले, पण मत कोणी घेतले आणि कोणी मोजले हे सभागृहातील कोणासही कळले नाही. अखेर पोलिसांनी सभागृह रिकामे केले. त्या धक्काबुक्कीत जिनांनाही मार बसला. बाहेर आल्यावर त्यांची विजयी वीराप्रमाणे मिरवणूक निघाली. चँट्रीचा एल्फिन्स्टन याच वास्तूत उभा होता. एक्याण्णव वर्षांपूर्वी ज्या शहराने एका गव्हर्नरच्या निरोपासाठी सव्वादोन लाखांची थैली मोकळी केली, त्याच शहराने दुसऱ्या गव्हर्नरच्या आभाराचे चार शब्द उच्चारू दिले नाहीत.

विरोधकांची रीत सभ्य होती असे म्हणता येणार नाही. बोलणाऱ्याला बोलू न देणे हे सभाशास्त्रात बसत नाही, आणि स्वतः जिना हे नियमांचे किती काटेकोर भोक्ते होते, हे त्यांचे विधिमंडळातील वर्तन जाणणाऱ्यांना ठाऊक आहे. परंतु दुरुस्ती मांडून मत घेण्याची संधी मिळेल असा भरवसा त्यांना नव्हता, आणि गोंगाट केला नसता तर दुसऱ्या दिवशी इतिवृत्तात ‘मुंबईच्या नागरिकांनी एकमताने’ हेच शब्द छापले गेले असते, ही गोष्ट नाकारता येत नाही. विलिंग्डन यांच्यावर मात्र या प्रसंगाने थोडा अन्यायही झाला. युरोपीय क्लबांत भारतीयांना मज्जाव असे, तेव्हा दोघांनाही खुला असा विलिंग्डन क्लब त्यांच्याच पुढाकाराने मुंबईत निघाला होता. त्यांच्या स्नेहात असलेल्या भारतीयांची कृतज्ञता खोटी मानण्याचे कारण नाही. ती त्या भारतीयांची होती, शहराची नव्हती, इतकाच वादाचा मुद्दा.

विलिंग्डन यांचे स्मारक टाउन हॉलच्या सभेतून निघावयाचे होते; प्रत्यक्षात स्मारक झाले ते जिनांचे. लोकांनी एकेक रुपया वर्गणी काढून त्यांच्या नावे सभागृह बांधले, आणि गिरगावाजवळच्या काँग्रेस हाउसच्या आवारात ते ‘पी. जे. हॉल’ या संक्षिप्त नावाने पुढे अनेक वर्षे ओळखले जाई. ज्यांच्यासाठी ते बांधले त्यांचे आणि काँग्रेसचे मार्ग दोनच वर्षांत, १९२० च्या नागपूर अधिवेशनात, निराळे झाले.

टाउन हॉलच्या पायऱ्यांवर त्या सकाळी उभ्या असलेल्यांत मोठा भरणा कारकून, विद्यार्थी, गिरण्यांतील व पेढ्यांतील नोकर अशा लोकांचा होता. त्यांच्यापैकी बहुतेकांना महापालिकेच्या निवडणुकीत मत नव्हते. १९२२ च्या कायद्याने दरमहा दहा रुपये भाडे देणाऱ्या भाडेकरूला मताधिकार मिळाला आणि सभासदसंख्या एकशेसहा झाली. या नव्या मतदारांनी निवडून दिलेल्या महापालिकेने २९ ऑगस्ट १९२४ रोजी मानपत्र अर्पण केले. ते कोणा गव्हर्नरला नव्हते. सुमारे सात महिन्यांपूर्वी कारावासातून सुटलेल्या गांधींना होते.